मुलगा बंगळुरूला, आई-बाबा बाणेरच्या फ्लॅटमध्ये: मिळकतकराची ४० टक्के सवलत मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बाणेरला टू-बीएचके घेतला, २०२२ च्या सुरुवातीला ताबा मिळाला. त्या जूनपासून अकरा महिने फ्लॅट भाड्याने दिला होता. जून २०२३ पासून तिथे आई-बाबा राहतात आणि प्रश्नकर्ते स्वतः नोकरीसाठी बंगळुरूला असतात. समोरच्या फ्लॅटचं क्षेत्रफळ तेवढंच, पण त्यांचं मिळकतकराचं बिल १५ हजारांच्या घरात आणि यांचं २५ हजारांच्या. बिलावर अजून बिल्डरचंच नाव आहे. सोसायटीची नोंदणी व्हायची असल्यामुळे ना हरकत पत्र द्यायला कुणी नाही. शेवटी विचारलंय: "पीटी-३ भरला की काम होईल ना? आणि भाडेकरूचं सांगायलाच हवं का?"

मी गेली वीस वर्षं पुण्यात सोसायट्यांच्या हिशेबाची आणि मिळकतकराची कामं करते. २०२३ च्या पावसाळ्यापासून हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे जवळजवळ रोज येतो. पण तुमच्या प्रश्नात तीन वेगवेगळ्या गाठी एकत्र आल्या आहेत. बहुतेक लोक त्यातली एकच सोडवायला जातात आणि दोन महिन्यांनी परत माझ्यासमोर येऊन बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी खरी अडचण काय ते बघू. तुम्हाला वाटतंय की सवलत मिळवण्यासाठी एक फॉर्म भरायचा राहिला आहे. फॉर्म राहिलाय हे खरंच. पण पीटी-३ हा "मला सवलत द्या" असं म्हणणारा अर्ज नाही. "या घरात मालक स्वतः राहतो" असं सांगणारा तो अर्ज आहे. सवलत घराला नसते, घराच्या वापराला असते. आणि महापालिकेच्या नोंदीत आज तुमच्या घराचा मालक बिल्डर आहे, वापर कोण करतं ते कोरं आहे, आणि पूर्वी तिथे भाडेकरू होता याची नोंद सरकारदरबारी दुसरीकडे आहे. या तीन नोंदी एकमेकींशी जुळवणं हे तुमचं काम आहे. त्या जुळल्या की पीटी-३ हे एका सकाळचं काम उरतं.

ही सवलत आली कुठून, हे माहीत असलं की कागद का मागतात ते आपोआप कळतं. पुणे महापालिकेने १९७० मध्ये ठराव केला की जो मालक स्वतःच्या घरात राहतो त्याच्या घराची करपात्र रक्कम ४० टक्क्यांनी कमी धरायची. त्याच्या जोडीला देखभाल-दुरुस्तीपोटी वार्षिक भाड्यातून १५ टक्के वजावट दिली जायची. कायद्यात ही वजावट १० टक्केच आहे, त्यामुळे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले, आणि शेवटी २०१९ मध्ये राज्य शासनाने तो जुना ठरावच रद्द केला. ज्यांना सवलत आधीपासून मिळत होती त्यांची बिलं बहुतांशी तशीच राहिली, पण १ एप्रिल २०१९ नंतर ज्या मिळकतींची पहिल्यांदा आकारणी झाली त्यांना पूर्ण कर लागला. त्याआधी जीआयएस सर्वेक्षणात (नकाशाच्या आधारे झालेल्या मिळकतींच्या पाहणीत) ज्या घरांत भाडेकरू असल्याची नोंद झाली होती, त्यांचीही सवलत २०१८ पासून काढली गेली होती. त्यात कितीतरी घरं अशी होती की सर्वेक्षणाच्या दिवशी मालक गावाला गेलेले आणि दार पाहुण्यांनी उघडलं.

एप्रिल २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही ४० टक्के सवलत पुन्हा लागू करायचा निर्णय घेतला. दुरुस्तीच्या वजावटीतला मागचा ५ टक्क्यांचा फरक वसूल न करण्याचंही ठरलं आणि १ एप्रिल २०२३ पासून ही वजावट सगळ्यांना १० टक्के झाली. ज्यांनी मधल्या वर्षांत पूर्ण कर भरला होता आणि जे सवलतीला पात्र होते, त्यांची जादा रक्कम पुढच्या चार वर्षांच्या बिलांतून वळती करायचं धोरण ठरलं. आणि ज्यांची सवलत गेली होती किंवा मिळालीच नव्हती, त्यांनी पीटी-३ भरून स्ववापर सिद्ध करायचा. त्यासाठी १५ नोव्हेंबर २०२३ ही तारीख दिली होती, ती पुढे ३० नोव्हेंबरपर्यंत वाढवली.

तुमच्या समोरच्या शेजाऱ्यांनी बहुधा त्याच वेळी अर्ज केला. तुमच्या बिलातला फरक त्यातून आला असावा.

"बहुधा" म्हणण्याचं कारण आहे. शेजाऱ्याचं बिल हा पुरावा नाही, फक्त संशय आहे. पुण्यात आकारणी ज्या वर्षी झाली त्या वर्षाचा दर लागतो, त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या जुन्या आणि नव्या इमारतींच्या बिलांत मोठी तफावत असते आणि तिचा सवलतीशी काही संबंध नसतो. तुलना करायचीच तर त्याच विंगमधल्या, त्याच तारखेला आकारणी झालेल्या, तेवढ्याच क्षेत्रफळाच्या फ्लॅटशी करा. तुमच्या बाबतीत समोरासमोरचेच दरवाजे आहेत, म्हणून तुलना धरता येते. दोन्ही बिलं शेजारी ठेवा आणि शेवटचा आकडा न बघता वार्षिक करपात्र रक्कम बघा. तुमच्या रकमेला ०.६ ने गुणल्यावर शेजाऱ्याची रक्कम आली, की फरक सवलतीचाच आहे हे नक्की.

गणित एकदा करूनच दाखवते, कारण ४० टक्के म्हणजे नेमकं कशाचे ४० टक्के यावर फार गोंधळ होतो. समजा चटईक्षेत्र ६५० चौरस फूट आणि महापालिकेने धरलेला मासिक भाड्याचा दर ३ रुपये प्रति चौरस फूट. (दर मी हिशेबाच्या सोयीसाठी घेतलाय. तुमचा दर तुमच्या आकारणीच्या नोटिशीत असेल.) ६५० गुणिले ३ गुणिले १२ म्हणजे वर्षाचे २३,४०० रुपये. त्यातून १० टक्के दुरुस्तीचे गेले, उरले २१,०६०. स्ववापर नसेल तर ही करपात्र रक्कम. स्ववापर असेल तर हिच्या ६० टक्के, म्हणजे १२,६३६. सर्वसाधारण कर, सफाईपट्टी, अग्निशमन, वृक्षकर वगैरे बिलातल्या ओळी या रकमेवर चढतात.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. सवलत मिळाली तर बिल ढोबळमानाने ४० टक्क्यांनी उतरतं, पण सवलत गेली तर ते ४० टक्क्यांनी चढत नाही, सुमारे ६७ टक्क्यांनी चढतं. १५ हजारांचं २५ हजार होतं. नेमके तुमचे आणि शेजाऱ्यांचे आकडे. "सवलत ४० टक्के, मग वाढ एवढी कशी?" म्हणून घाबरलेले ज्येष्ठ नागरिक मी खूप पाहिलेत. बिलात चूक नसते, हिशेबच तसा आहे.

आता तुमच्या तीन गाठी.

पहिली गाठ नावाची. बिलावर बिल्डरचं नाव असताना तुम्ही "मी मालक, मी राहतो" असं लिहून दिलंत तर नोंद बघणारा माणूस काय करणार? त्याच्यापुढच्या पडद्यावर मालक दुसराच आहे. म्हणून आधी हस्तांतरणाचा, म्हणजे बिलावर तुमचं नाव चढवण्याचा अर्ज. त्यासाठी नोंदणीकृत करारनामा, सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा सारांश), ताबापत्र आणि त्या मिळकतीवर थकबाकी नसल्याचं दाखवणारी शेवटची पावती एवढं तयार ठेवा. थकबाकी असेल तर हस्तांतरण पुढे सरकत नाही, हे आधीच सांगून ठेवते. बिल्डरच्या नावावर असलेल्या काळातली एखादी सहामाही राहिलेली असते, ती रक्कम लहान असते, पण तिच्यावर दरमहा २ टक्के शास्ती (दंड) चढत राहते आणि सगळं काम तिथे अडून बसतं. बिल्डरकडे ती मागायची की आपण भरून मोकळं व्हायचं, हे रकमेवर ठरवा. तुमच्या जागी मी असते तर चार-पाच हजारांसाठी सहा महिने पत्रव्यवहार केला नसता. भरून पावती जपून ठेवली असती.

हस्तांतरण आणि पीटी-३ एकाच दिवशी दिले तर चालतं का? देता येतात, मी दिलेले आहेत. पण मग पीटी-३ च्या वर स्पष्ट लिहा की नाव हस्तांतरणाचा अर्ज अमुक तारखेला, अमुक आवक क्रमांकाने दिला आहे, आणि त्या पोचपावतीची प्रत जोडा. नाहीतर दोन अर्ज दोन टेबलांवर जातात आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो.

करारनाम्यात तुमच्याबरोबर पत्नीचं किंवा आई-बाबांपैकी कुणाचं नाव आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल तर तुमचं काम निम्मं सोपं झालं. सहमालक असलेले बाबा स्वतः तिथे राहतात म्हटल्यावर स्ववापराबद्दल शंका घ्यायला जागाच राहत नाही. हस्तांतरणात दोन्ही नावं लागतील याची काळजी घ्या. पुष्कळदा पहिलंच नाव चढतं, दुसरं राहून जातं आणि लोकांच्या ते वर्षानुवर्षं लक्षातच येत नाही.

दुसरी गाठ वापराची, आणि तीच तुमच्या मनाला जास्त बोचते आहे असं प्रश्न वाचताना वाटलं. मालक बंगळुरूला, घरात आई-बाबा. हा स्ववापर की नाही?

माझं मत स्वच्छ आहे: हा स्ववापरच आहे. घर भाड्याने दिलेलं नाही, त्यातून उत्पन्न येत नाही, कुटुंब राहतं आहे. मुलगा परदेशात आणि आई-वडील कोथरूडला, किंवा नवरा बोटीवर आणि बायको-मुलं सिंहगड रस्त्याला, अशा घरांचे अर्ज मी भरले आहेत आणि ते मान्य झाले आहेत. पण तुमच्या बाबतीत निर्णय जागेवर पाहणी करणारा निरीक्षक आणि त्याच्यावरचे अधिकारी घेणार. त्यांच्या नजरेनं बघा. आडनाव सारखं असेल तर ठीक, पण मालकीण मुलगी असेल आणि तिचे आई-वडील राहत असतील तर आडनावं वेगळी असतात आणि परके लोक राहतात असा समज होणं साहजिक आहे. म्हणून नातं कागदावर दाखवा: तुमचा जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला, पासपोर्टवरचं आई-वडिलांचं नाव, काहीही चालेल. आणि सोबत तुमच्या सहीचं एक पानी स्वयंघोषणापत्र: हे घर माझ्या मालकीचं, यात माझे आई-वडील अमुक तारखेपासून राहतात, त्यांच्याकडून कोणतंही भाडं घेत नाही, मी नोकरीनिमित्त बाहेरगावी असतो. चार वाक्यं. जास्त लिहू नका.

पीटी-३ सोबत जोडायची जी कागदपत्रं सांगितली गेली, त्यात सोसायटीचं स्ववापराचं पत्र, म्हणजे तुम्ही म्हणता ते ना हरकत पत्र, पहिलं येतं. त्याबरोबर मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन चालवण्याचा परवाना, गॅस कार्ड, शिधापत्रिका यांचाही उल्लेख आहे. पुणे शहरात दुसरी मिळकत असेल तर तिच्या बिलाची प्रत लागते. अर्जाचं शुल्क २५ रुपये. सोसायटी नोंदलेली नाही म्हणून तुम्ही अडलात, पण या यादीतल्या बाकीच्या कागदांवर काम होऊ शकतं. फक्त त्या कागदांवर पत्ता बाणेरच्या फ्लॅटचा हवा. आणि इथेच नव्वद टक्के लोक अडकतात. आई-बाबा दोन वर्षं तिथे राहतात, पण मतदार यादीत नाव अजून गावाकडचं, गॅस जुन्या पत्त्यावरून बदलून घेतलेला नाही, परवाना तर बाबांचा तीस वर्षांपूर्वीचा.

तुमचे आई-बाबा मूळचे कुठले ते माहीत नाही, पण ते कायमचे पुण्यात आले असतील तर आजच मतदार यादीसाठी नमुना ८ भरा. पत्ता बदलायला तोच लागतो, ऑनलाइन भरता येतो. गॅसचं काम त्याहून लवकर होतं, वितरकाकडे पत्ता बदलून आईच्या नावावर कनेक्शन घ्या. हे दोन कागद हातात आले की पीटी-३ ची बाजू भक्कम होते. महावितरणची वीजबिलंही जोडा, निदान सहा महिन्यांची. यादीत त्यांचा उल्लेख नाही, तरी मी जोडते, कारण दरमहा शंभर-दीडशे युनिट जळत असतील तर घर बंद नाही हे बिलच सांगतं.

मात्र गावचं मतदान सोडायला ज्येष्ठ मंडळी तयार नसतात, हे मला माहीत आहे. माझ्या सासऱ्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, त्यांच्यासाठी तो गावाशी असलेला शेवटचा धागा होता. तुमच्या घरी तसं असेल तर त्यांना भरीस पाडू नका. गॅस कार्ड आणि परवाना किंवा पासपोर्ट यांच्यावर भर द्या.

ना हरकत पत्राबद्दल आणखी एक. सोसायटी नोंदलेली नसली तरी रहिवाशांची तात्पुरती समिती असेल, दरमहा देखभाल खर्च कुणीतरी गोळा करत असेल. आई-बाबांच्या नावे दिलेल्या देखभालीच्या पावत्या जोडा. नोंदणीकृत सोसायटीच्या पत्राची जागा त्या घेत नाहीत, पण पाहणीला आलेल्या माणसाचा विश्वास वाढवतात. आणि पुढे सोसायटी नोंदली गेली आणि पत्र मिळालं, तर त्यावरचा फ्लॅट क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी ताडून बघा. एका आजींचं काम केवळ एवढ्यासाठी तीन महिने रखडलं होतं की सोसायटीच्या सचिवांनी विंगचं नवं नाव लिहिलं आणि बिलावर मंजूर नकाशातलं जुनं होतं. आजी दर आठवड्याला रिक्षाने फेऱ्या घालत होत्या. पत्र बदलून आणायला अर्धा तास पुरला.

आता भाडेकरू. तुमचा हा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवत नाहीये, कारण इथे मला ठामपणे सांगायचं आहे: सांगा. लपवू नका.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे, आणि तुम्ही तो केलाच असेल. म्हणजे जून २०२२ पासूनचे अकरा महिने सरकारी दप्तरात तारखांसकट नोंदलेले आहेत. भाडेकरूची माहिती पोलिसांनाही दिली असेल. अशा वेळी "ताबा घेतल्यापासून आम्हीच राहतो" असं लिहून दिलंत, तर एक खोटं विधान तुमच्या सहीने कायमचं दाखल होतं. उद्या ते उघड झालं तर मिळालेली सवलत परत वसूल होईल, शास्तीसह. आणि त्याहून वाईट म्हणजे जून २०२३ नंतरचा तुमचा खरा दावाही संशयात सापडेल. दहा-पंधरा हजारांसाठी हा धोका कुणी घ्यावा असं मला वाटत नाही.

उलट खरं लिहिल्याने तुमचा फायदाच होतो. करार संपल्याची तारीख करारावरच छापलेली आहे. ती प्रत जोडा. "जून २०२२ ते मे २०२३ घर भाड्याने होतं, त्यानंतर आजतागायत कुटुंब राहतं." असं एका ओळीत लिहिलेला अर्ज मी जेव्हा जेव्हा दिला, तेव्हा समोरच्या माणसाला काम करणं सोपं गेलं. कारण कधीपासूनची सवलत द्यायची ते त्याला शोधावं लागत नाही, तारीख कागदावरच असते.

मी वर म्हटलं तसं सवलत वापराला असते. म्हणून वापर बदलला की सवलतही बदलते, दोन्ही बाजूंनी. उद्या आई-बाबा बंगळुरूला तुमच्याकडे राहायला आले आणि तुम्ही फ्लॅट पुन्हा भाड्याने दिलात, तर तेही कळवावं लागेल. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, पण २०१८ मध्ये ज्यांची सवलत एका सर्वेक्षणात गेली त्यांच्यापैकी काहींनी खरंच घर भाड्याने दिलं होतं आणि कळवलं नव्हतं. त्यांच्यामुळे जे खरोखर राहत होते त्यांनाही पाच वर्षं पुरावे गोळा करत फिरावं लागलं.

तिसरी गाठ मागच्या बिलांची. इथे मात्र परिस्थितीप्रमाणे उत्तर बदलतं. २०२२-२३ चं वर्ष सोडून द्या, तेव्हा भाडेकरू होता. २०२३-२४ पासून तुम्ही पात्र होता, पण नोव्हेंबर २०२३ ची मुदत तुमची चुकली. उशिरा आलेल्या अर्जाला लाभ मागच्या तारखेपासून द्यायचा की चालू आर्थिक वर्षापासून, हा निर्णय कर आकारणी व कर संकलन विभागाचा. तुम्ही काय करायचं, तर अर्जात मागणी दोन टप्प्यांत लिहायची: जून २०२३ पासून सवलत मिळावी, आणि ते शक्य नसल्यास किमान चालू वर्षापासून मिळावी. नुसतं "सवलत मिळावी" लिहिलं की चालू वर्षापासून मिळते आणि मागचं विचारायला पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो. हे दोन टप्पे लिहायची सवय मला एका ज्येष्ठ वकिलांनी लावली आणि तिचा उपयोग फार झाला.

तोवर चालू बिल भरायचं की थांबायचं? भरा. माझा यात कधीच अपवाद नसतो. बिल दुरुस्त होईल म्हणून वाट बघणाऱ्यांवर महिन्याला २ टक्के चढतात, म्हणजे वर्षात २४. तुमचं २५ हजारांचं बिल वर्षभर तसंच राहिलं तर सवलतीत मिळणाऱ्या दहा हजारांतले पाच-सहा हजार शास्तीतच जातील. बिल भरताना सोबत एक साधं पत्र द्या की स्ववापर सवलतीचा अर्ज प्रलंबित आहे, हरकत राखून कर भरत आहे, जादा रक्कम पुढील बिलात वळती करावी. पोच घ्या. पहिल्या दोन-तीन महिन्यांत पूर्ण वर्षाचं बिल भरणाऱ्यांना सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट असते, तीही हातची जाऊ देऊ नका. ती सूट वेगळी आणि ही ४० टक्के सवलत वेगळी. एक घेतली म्हणून दुसरी जात नाही.

गोंधळ होतो म्हणून इथेच सांगते. मुंबईत २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, तो निर्णय बृहन्मुंबई महापालिकेच्या हद्दीपुरता आहे, पुण्याला लागू नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये महिलेच्या नावावरच्या घराला सवलत आहे, ती तिथल्या महापालिकेची. तुमचं घर बाणेरला म्हणजे पुणे महापालिकेत, त्यामुळे नुसतं बायकोच्या नावावर करून पुण्यात काही साधणार नाही. बाबा सैन्यातून निवृत्त असतील तर मात्र मला जरूर कळवा, माजी सैनिकांसाठी राज्य शासनाची मालमत्ता करमाफीची स्वतंत्र योजना आहे आणि मग सगळा विचारच वेगळा होतो.

दुसऱ्या मिळकतीचं बिल का मागतात, हेही पुष्कळ जण विचारतात आणि नाराज होतात. माणूस एका वेळी एकाच घरात राहू शकतो, इतकं साधं कारण आहे. पुण्यात तुमच्या नावावर दुसरा फ्लॅट असेल तर तो कसा वापरता ते विचारलं जाणारच. बंगळुरूचं भाड्याचं घर यात येत नाही. उलट तिथला भाडेकरार हा तुम्ही नोकरीसाठी बाहेर राहता याचा पुरावा म्हणून जोडता येईल.

आता क्रम. आधी बिलावरचा मिळकत क्रमांक घेऊन ऑनलाइन थकबाकी बघा आणि काही असेल तर ती भरा. मग हस्तांतरणाचा अर्ज द्या, पोच घ्या. त्याच वेळी गॅसचा पत्ता बदलायला टाका. गॅस कार्ड आणि आणखी एक ओळखपत्र बाणेरच्या पत्त्याचं हातात आलं की पीटी-३ द्या: स्वयंघोषणापत्र, नात्याचा पुरावा, भाडेकराराची प्रत, वीजबिलं, सहमालक असल्यास त्यांची सही. अर्ज क्षेत्रीय कार्यालयात, नागरी सुविधा केंद्रात किंवा तुमच्या भागाच्या विभागीय निरीक्षकाकडे देता येतो. तुम्ही बंगळुरूहून येणार असाल तर सोमवार टाळा आणि हस्तांतरण व पीटी-३ दोन्ही एकाच खेपेत द्या, आवक क्रमांकाच्या उल्लेखासह. येणं जमत नसेल तर बाबांच्या नावाने अधिकारपत्र द्या, साध्या कागदावर तुमच्या सहीचं आणि ओळखपत्राच्या प्रतीसह. प्रत्येक पानाची झेरॉक्स घरी ठेवा आणि त्यावरच शिक्का मारून घ्या.

त्यानंतर पाहणी होईल. निरीक्षक फोन करून येतीलच असं नाही. त्यामुळे आई-बाबांना आधीच नीट सांगून ठेवा की महापालिकेचा माणूस आला तर ओळखपत्र बघून आत घ्या, विचारतील त्याचं सरळ उत्तर द्या, "मुलाचं घर आहे, आम्ही राहतो" एवढं पुरे. आईला अनोळखी माणसाला दार उघडायला भीती वाटत असेल तर शेजारच्यांचा नंबर दारामागे लावून ठेवा. कारण पाहणीच्या दिवशी दार उघडलं नाही, तर शेरा "घर बंद" असा पडतो आणि तो पुसायला पुन्हा अर्ज लागतो. ते दोघं गावाला जाणार असतील तर त्या तारखा अर्जाच्या शेवटी लिहून द्या आणि पाहणी कधी करता येईल तेही लिहा, खाली बाबांचा मोबाइल नंबर.